हात धरणाऱ्यांचे शिक्षण

(द्वितीय वर्ष, कला)

एका गोष्टीला तीन तीन नावे असली, की ती गोष्ट नीट कुणालाच ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे. सरकारी रुग्णालयात एका दारावर ‘भौतिकोपचार विभाग’ अशी पाटी असते. ती पाटी वाचून आत गेलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. सुशिक्षित मंडळी त्याच दाराला ‘फिजिओथेरपी’ म्हणतात. आणि आमच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात दोन बायका समोरासमोर आल्या, की पहिली दुसरीला विचारते, “काय हो, सासऱ्यांना करंट चालू आहे ना अजून?” करंट म्हणजे ते यंत्र. दोन पट्ट्या लावायच्या, मुंग्या आल्यासारखे वाटते, दहा-पंधरा मिनिटांनी घंटी वाजते. लोकांच्या लेखी उपचार तो एवढाच. बाकी व्यायाम काय, तो घरीही होतो!

घरी तो होतो का, कोण करून घेतो, आणि जो करून घेतो त्याला तो कोणी शिकवलेला असतो का, हा या लेखाचा विषय आहे. कॉलेजच्या वार्षिकात साधारणपणे पाऊस, मैत्री, ‘आजचा तरुण कोठे चालला आहे’ अशा विषयांवर लेख येतात, आणि त्यांत वाईट काही नाही. पण आजचा तरुण कोठे चालला आहे याची चर्चा करण्याआधी, ज्यांना चालताच येत नाही त्यांना चालवते कोण, हे एकदा पाहावे असे मला वाटते.

माझी आई चालवते. पोखरण रोडच्या बाजूच्या एका खाजगी रुग्णालयात ती गेली बारा वर्षे ‘मावशी’ आहे. रुग्णालयातली नाती मोठी गमतीची असतात. तेथे काम करणारा गडी तो ‘मामा’ आणि बाई ती ‘मावशी’. नाते जवळचे आणि पगार लांबचा! आईच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘मावशी’ही नाही, ‘हाउसकीपिंग’ असे लिहिले आहे, कारण ती रुग्णालयाची नसून ठेकेदाराची आहे. पण या बारांपैकी सात वर्षे तिने झाडू क्वचितच हातात घेतला असेल. ती फिजिओथेरपीच्या खोलीत असते. सकाळी गरम पाण्याच्या टाकीतून शेकाच्या पिशव्या चिमट्याने काढायच्या, टॉवेलात गुंडाळायच्या, पाच मिनिटांनी उचलून खालची कातडी लाल झाली आहे का ते बघायचे. चाकाच्या खुर्चीतून माणूस पलंगावर घ्यायचा. दोन समांतर दांड्यांमध्ये त्याला उभा करायचा आणि पाठीमागून कमरेला धरून ‘एक... दोन...’ म्हणत चालवायचा. मॅडम, म्हणजे शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट, फार चांगल्या आहेत. पण त्यांच्यापुढे एका वेळी पाच रुग्ण असतात. त्या तपासतात, काय करायचे ते ठरवतात, पहिल्यांदा स्वतः करून दाखवतात आणि पुढच्या पलंगाकडे वळतात. पुढची वीस मिनिटे आईची.

आई सातवी शिकलेली आहे. हे सगळे ती पाहून पाहून शिकली. जिन्यावर पायऱ्यांचा सराव देताना मॅडम रुग्णाला इंग्रजीत काहीतरी सांगत, ते लक्षात राहावे म्हणून आईने आपले मराठी केले: “चढताना शहाणा पुढे, उतरताना वेडा पुढे.” शहाणा म्हणजे धडका पाय, वेडा म्हणजे दुखरा. काठी कोणत्या हातात धरायची हेही तिला पक्के ठाऊक आहे. दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, उलट्या बाजूच्या हातात. रस्त्याने जाताना कोणी म्हातारे गृहस्थ काठी दुखऱ्या बाजूलाच धरून चालताना दिसले, की तिचा जीव खालीवर होतो. दोनदा तरी तिने भर बाजारात अनोळखी माणसाच्या हातातली काठी काढून दुसऱ्या हातात दिलेली आहे, आणि मी चार पावले मागे राहिले आहे.

आता हे काम जगात दुसरीकडे काय म्हणून ओळखले जाते, ते पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जगातल्या व्यवसायांची एक मोठी यादी केलेली आहे आणि प्रत्येक व्यवसायाला क्रमांक दिलेला आहे. त्यात फिजिओथेरपिस्टचा क्रमांक २२६४. आणि त्याखेरीज ३२५५ हा एक वेगळा क्रमांक आहे: फिजिओथेरपीचे तंत्रज्ञ व साहाय्यक. अमेरिकेत या साहाय्यकांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. १९६९ साली त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. तो शिकून, परीक्षा देऊन, परवाना घेऊन मगच त्यांना रुग्णाच्या अंगाला हात लावता येतो. त्यांनी रोगनिदान करायचे नाही, उपचाराची आखणी करायची नाही. फिजिओथेरपिस्टने आखून दिलेले रुग्णाकडून करवून घ्यायचे. म्हणजे आई जे करते तेच! फरक इतकाच, की तिकडे त्याला दोन वर्षे लागतात आणि आमच्याकडे ‘हाउसकीपिंग’चा बिल्ला.

यावर कोणी म्हणेल, तुझ्या आईला सगळे येतेच आहे, मग शिक्षणाचा आग्रह कशाला? मला येथेच थोडे थांबून सांगायचे आहे, कारण हा प्रश्न मला आमच्याच इमारतीत सुटलेला दिसला.

आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. पंधरा दिवसांनी घरी आणले ते खुर्चीत बसवून, चार पोरांनी खुर्ची उचलून. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर्तकनगरात आता जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत, त्यांना लिफ्टही आहेत. पण ज्यांची पाळी अजून आलेली नाही त्यांच्यापैकी आम्ही. तेव्हा काकांनी रोज खाली उतरून उपचाराला जाणे शक्यच नव्हते. फिजिओथेरपिस्टनी घरी यायचे तर एका भेटीचे सहाशे रुपये. रोजचे म्हटले तर महिन्याला अठरा हजार! माझे बाबा वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडल्यावर आता एका टॉवरच्या गेटवर वही घेऊन बसतात. त्यांच्या वहीत रोज दोन-तीन फिजिओथेरपिस्टांच्या सह्या असतात. आमच्या जिन्यात ते आधी आठवड्यातून दोनदा आले, मग एकदा, मग नाही.

त्याऐवजी काकांच्या मुलाने एका ब्युरोतून बारा तासांचा माणूस ठेवला. तो काकांना उठवायचा तो त्यांचा उजवा हात धरून, विहिरीतून घागर ओढावी तसा. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. दंडाचे हाड त्याच्या खोबणीत धरून ठेवायला तेथे कोणी उरलेलेच नसते. हाताच्या नुसत्या वजनाने ते खाली घसरू पाहते. त्यात बाहेरून ओढ दिली तर सांधा निखळायला कितीसा वेळ! आणि एकदा खांदा दुखू लागला, की रुग्ण त्या हाताला कोणाला हात लावू देत नाही. मग व्यायाम थांबतो, बोटे आत वळतात, आणि जो हात सहा महिन्यांत थोडाफार कामाला आला असता तो कायमचा छातीशी बांधला जातो. काकांचे तसेच झाले.

आईने एकदा जिन्यातून जाताना उघड्या दारातून ते उठवणे पाहिले आणि ती ओरडलीच. मग आत जाऊन तिने त्या मुलाला दाखवले. उभे राहायचे ते गेलेल्या बाजूला. गुडघे आपले वाकवायचे, पाठ नाही. हात काखेत घालायचा नाही, कमरेला धरायचे. कमरेला जुन्या साडीचा पट्टा बांधला तर आणखी चांगले. काकांना आधी पुढे वाकू द्यायचे, नाकाची रेघ पायाच्या बोटांवर आली की मग वर. तो मुलगा वाईट नव्हता. बीडकडून आलेला, बारावी कला, माझ्याच वयाचा. ब्युरोने त्याला दोन दिवस शिकवले होते ते एवढेच: डायपर कसा बदलायचा, आणि घरच्यांना उलट बोलायचे नाही.

पाहून शिकलेली आई एका मजल्यावर असते आणि न शिकलेला मुलगा दुसऱ्या. कोणाच्या वाट्याला कोण येईल, हा निव्वळ नशिबाचा खेळ! शिक्षण हवे ते यासाठी. आणि खुद्द आईच्याही ज्ञानाला एक भोक आहे, ते तिनेच मला दाखवले. “काय करायचं ते मला कळतं,” ती म्हणाली, “पण कधी करायचं नाही, ते मॅडमना कळतं.” शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडून राहिलेल्या माणसाची एक पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती चोळायची नसते. आत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. घरातली माया करणारी माणसे अशा वेळी नेमके काय करतात? तेल कोमट करून पोटरी चोळतात! कोणता रुग्ण धाप लागली तरी चार पावले चालवायचा आणि कोणता तेथेच खाली बसवायचा, कोणत्या वेदनेकडे दुर्लक्ष करायचे आणि कोणती कळवायची, हे पाहून येत नाही. साहाय्यकाच्या शिक्षणाचा मोठा भाग हात चालवण्याचा नसून हात आवरण्याचा असणार, असे मला त्या दिवशी समजले.

हा धंदाच मुळात अशा हातांतून वर आलेला आहे. विद्वानांना हे ठाऊक असेल, मला वाचताना नवल वाटले. १८९४ साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच उद्योग चालतात अशी ओरड वैद्यकीय नियतकालिकातून झाली. तेव्हा मालिशचे खरे काम करणाऱ्या चार परिचारिका एकत्र आल्या. त्यांनी ‘आमचे नाव खराब झाले’ म्हणून काम सोडले नाही, किंवा कुणी ते बंद करावे असेही म्हटले नाही. त्यांनी संस्था काढली आणि परीक्षा सुरू केली. त्या संस्थेतूनच पुढे ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची सनदशीर संघटना उभी राहिली. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या वेळी जखमी सैनिकांसाठी मुलींना थोडक्या मुदतीचे शिक्षण देऊन तयार केले. त्यांना ‘रिकन्स्ट्रक्शन एड’ म्हणत. ‘एड’ म्हणजे मदतनीसच की! त्यांच्यापैकी मेरी मॅकमिलन या बाई १९२१ साली तेथल्या फिजिओथेरपीच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

आपल्याकडची सुरुवात तर इथून लोकलने तासाभराच्या अंतरावरची. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे रोजची कामे रुग्णाला पुन्हा करता यावीत म्हणून त्याचे हात तयार करण्याची, शाळा काढली. बाई जन्माने अमेरिकन आणि लग्नाने निंबकर. त्याच के.ई.एम.च्या आवारात १९५२ साली फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा सुरू झाली. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेली होती, मुले लुळी पडली होती. सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती शाळा उभी केली. पोलिओ आता गेला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. पण फिजिओथेरपीच्या खोलीसमोरचा बाक काही मोकळा झाला नाही. लकवा, गुडघे, मोटारसायकलींचे अपघात. बाक भरलेलाच आहे.

आणि साहाय्यक ही कल्पना आपल्या मातीत रुजणारच नाही असे कोणी म्हणू नये, कारण ती एकदा रुजलेली आहे. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याचे काम वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी सुरू केले. शस्त्रक्रियेनंतर त्या बोटांना कित्येक आठवडे रोज नवे वळण शिकवावे लागते. तेवढे पदवीधर आणायचे कोठून? त्यांनी जवळपासच्या तरुणांना शिकवले, त्यांत बरे झालेले रुग्णही होते. पुढे कुष्ठरोगाच्या कामात ‘फिजिओथेरपी टेक्निशियन’ हे पदच तयार झाले. म्हणजे ज्या रोग्यांना शिवायला कोणी तयार नव्हते, त्यांच्यासाठी आपण शिकवलेले साहाय्यक ठेवले. आणि ज्यांना सगळे शिवतात त्यांच्यासाठी काही नाही! हे उलटे गणित मला तरी सुटत नाही.

आज कायदा आहे. २०२१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-परिचारिकांखेरीजच्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात ‘साहाय्यभूत’ व्यावसायिकाची खालची मर्यादा घातली आहे: किमान २,००० तासांचे शिक्षण, दोन ते चार वर्षांत. ही तरतूद मला फार आवडली. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दोन वर्षांत २४० तास भरतो (त्यांतले कितीतरी एकाच गावात तोच चर पुन्हा खणण्यात जातात, पण ते असो). २,००० तास म्हणजे त्याच्या आठपटीहून जास्त. रोज पाच तास धरले तर चारशे दिवस. जमण्यासारखे आहे. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपीच्या गटात नाव आहे ते फिजिओथेरपिस्टचे. ३२५५ तेथे नाही.

जेथे सरकार नसते तेथे दुकान असते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई अशाच एका दुकानात जाऊन आलो. स्टेशनच्या बाजूला, साड्यांच्या दुकानावर, दुसरा मजला. पाटीवर ‘फिजिओथेरपी असिस्टंट डिप्लोमा, सहा महिने, नोकरीची हमी’. आत एक टेबल, एक प्लॅस्टिकचा सांगाडा आणि भिंतीवर प्रमाणपत्राचा नमुना. सोनेरी शिक्का, भोवती वेलबुट्टी, वर नाव इतके भारदस्त, की मला आधी ते विद्यापीठाचेच वाटले. फी पस्तीस हजार. मी विचारले, “रुग्णालयात शिकायला कुठे पाठवता?” बाई म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही बघायचं, आम्ही लेटर देतो.” आईने विचारले, “दांड्या कुठे आहेत?” बाईंना कळेना. आई म्हणाली, “चालवायच्या दांड्या हो! दोन असतात.” त्या पुढच्या महिन्यात येणार होत्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आम्ही उठलो. पण त्या टेबलापुढे आमच्या मागे आणखी तीन मुली उभ्या होत्या, त्यांतली एक आमच्याच कॉलेजची.

आता आक्षेप. पहिला आईच्या मॅडमचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यांचे म्हणणे असे: आम्ही बारावी विज्ञान केले, ‘नीट’ दिली, साडेचार वर्षे शिकलो, तरी सुरुवातीला पगार असा मिळतो की सांगायला लाज वाटते. आता आमच्याखाली दोन वर्षे शिकलेले स्वस्त हात आणले, तर मालक आम्हाला कशाला ठेवतील? पाचांच्या जागी एक फिजिओथेरपिस्ट आणि चार साहाय्यक! शिवाय उद्या त्या साहाय्यकानेच ‘डॉक्टर’ म्हणून पाटी लावली तर?

पाटीचे उत्तर मला लंडनच्या त्या चार परिचारिकांनी दिलेले आहे. तोतया तेथे जन्मतो जेथे नोंदवही नसते. ज्याचे नाव नोंदलेले आहे, ज्याला काय करायचे नाही हे कायद्याने लिहून दिले आहे, त्याची चूक निदान पकडता येते. साडीच्या दुकानावरच्या सोनेरी शिक्क्याची कोण पकडणार? पण पगाराचे म्हणणे खोडून काढणे मला जमत नाही. मालक तसे करतील, हे बाबांच्या कारखान्याने आम्हाला शिकवलेले आहे. मी एवढेच म्हणेन, की स्वस्त हात आत्ताही आहेतच. आई आहेच की! तिला नाव नाही म्हणून ती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून मॅडमच्या पगाराशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. एका फिजिओथेरपिस्टमागे किती साहाय्यक हे कायद्याने ठरवता येईल. ‘मावशी’ किती, हे कोणता कायदा ठरवणार?

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. कला शाखेच्या मुलांना हे झेपेल का? मला यावर रागच येतो. ए.एन.एम.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीला खुला आहे. ती मुलगी पुढे उपकेंद्रावर बसते, बाळांना लस टोचते, बाळंतपणाला हात देते. सुई टोचायला कला चालते आणि माणूस उभा करायला चालत नाही? स्नायूंची नावे आम्हाला पाठ होणार नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी पेशवाईतल्या तहांच्या तारखा एकदा पाठ करून पाहाव्यात.

तिसरा आक्षेप आईचा आहे, आणि तो घरात रोज ऐकावा लागतो. मी हे शिकायला मिळाले तर शिकेन म्हणाले, तेव्हा तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली. “मी धरले लोकांचे हात, म्हणून तूही तेच धरणार? मग पंधरावीपर्यंत शिकवायचं कशाला?” आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिली. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात मी ‘ठाण्याला कॉलेजात आहे’ एवढ्यावर आजी कुणालाही चहाला बसवते. आईच्या डोळ्यांपुढे माझ्यासाठी खुर्ची आहे, टेबल आहे, पंखा आहे; दुसऱ्याच्या घामाचा वास नाही. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याची कामे आपल्या समाजात कोणाच्या वाट्याला टाकली गेली, हे इतिहासाच्या तासाला बसलेल्या कोणालाही सांगायला नको. शिकून माणूस त्यातून सुटतो, अशी तिची समजूत आहे. तिला खोटे कसे म्हणू?

तरीही मला वाटते, की कामाचा हलकेपणा कामात नसतो, ते काम न शिकवता, न विचारता, बिनानावाने करून घेण्यात असतो. तेच काम मॅडमनी केले की उपचार होतो. मॅडमही घाम आलेल्या पाठीलाच धरतात. खुर्ची त्यांनाही बसायला दिवसातून कितीदा मिळते, हे आईनेच मला सांगितलेले आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. ठाण्यात कळव्याला महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दोन वर्षांचा अभ्यासक्रम असावा. बारावी कोणत्याही शाखेतून चालावी. ज्या मावशी आणि मामा दहा-दहा वर्षे हे काम करत आहेत त्यांना शाळेच्या दाखल्यावरून दारातूनच परत पाठवू नये. त्यांची हाताची परीक्षा घ्यावी, जे येत नाही ते शिकवावे आणि मग नाव द्यावे. आणि शिकवणे मराठीत असावे. हा भाषेचा अभिमान नव्हे, सोय आहे. ज्या म्हाताऱ्याला उभे करायचे तो मराठीत घाबरतो. ‘वेट शिफ्ट करा’ म्हटल्यावर काका कपाटाकडे पाहत बसले होते. आई म्हणाली, “भार या पायावर घ्या, देवळात लायनीत उभं राहून पाय बदलतो ना, तसं,” आणि त्यांनी घेतला.

याची पुस्तके मराठीत कोठे आहेत, असे आमच्या सरांनी मला विचारले. म्हणून मी आणि आईने एक शंभर पानी वही घेतली आहे. ती सांगते, मी लिहिते, रविवारी मॅडमना दाखवते. त्या लाल शाईने खुणा करतात, ‘हे करू नये’ची वाक्ये बहुतेक त्यांचीच असतात. पाठीवर निजून गुडघ्याखालची उशी दाबून धरण्याच्या व्यायामाला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. वहीत तो ‘उशी चेपणे’ आहे. टाच खाली ठेवून चवडा वर ओढणे म्हणजे ‘सलाम’. आतापर्यंत एकेचाळीस झाले. खांद्याच्या पानावर मात्र आम्ही अडलो आहोत, कारण तेथे आई प्रत्येक व्यायामाआधी तेच एक वाक्य लिहायला लावते, ‘हात ओढायचा नाही’, आणि मी म्हणते एकदा लिहिले की पुरे, तर ती ऐकत नाही.